यादीतला तिसरा क्रमांक : सिनेटर नेव्हिल बॉनर यांचं प्रकरण

३ फेब्रुवारी १९८३ हा दिवस ऑस्ट्रेलियाच्या राजकीय इतिहासात ठळक अक्षरांत आहे. पंतप्रधान माल्कम फ्रेझर यांनी त्या दिवशी मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली, आणि त्याच दिवशी विरोधी मजूर पक्षाचे नेते बिल हेडन पायउतार होऊन सूत्रं बॉब हॉक यांच्याकडे गेली. मतदान ५ मार्चला झालं आणि हॉक पंतप्रधान झाले. याच निवडणुकीसाठी क्वीन्सलँड राज्यात फ्रेझर यांच्याच लिबरल पक्षाने सिनेटच्या उमेदवारांची यादी केली आणि तिच्यात नेव्हिल बॉनर यांचं नाव तिसऱ्या क्रमांकावर टाकलं. एवढीच घटना. पण त्या एका आकड्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या संसदेतला एकमेव आदिवासी आवाज बंद झाला आणि पुढची सोळा वर्षं बंदच राहिला.

आपल्याकडे अशा वेळी 'तिकीट कापलं' म्हणतात. इथे तिकीट कापलं नव्हतं, दिलं होतं. जागा तेवढी दिली नव्हती. हा फरक कळायला सिनेटची निवडणूक कशी होते ते थोडं पाहावं लागेल.

सिनेट म्हणजे ऑस्ट्रेलियाचं वरिष्ठ सभागृह. आपल्या राज्यसभेसारखंच, पण तिथे आमदार नाही तर थेट जनता मत देते. १९८३ मध्ये प्रत्येक राज्याचे दहा सिनेटर होते. एरवी त्यांतले निम्मे एका वेळी निवडले जात आणि सहा वर्षं बसत. बॉनर १९८० मध्ये निवडून आले होते, म्हणजे त्यांची मुदत जून १९८७ पर्यंत होती. पण फ्रेझर यांनी दोन्ही सभागृहं एकदम बरखास्त केली. असं झालं की सगळ्याच सिनेटरांची मुदत संपते आणि दहाच्या दहा जागा नव्याने लढवल्या जातात. चार वर्षांहून अधिक मुदत हातात असलेला माणूस एका सहीनिशी पुन्हा उमेदवार झाला, आणि उमेदवार झाला म्हणजे यादी करणाऱ्यांच्या हाती गेला.

मतपत्रिकेवर प्रत्येक पक्षाचा एक रकाना असतो आणि त्यातला नावांचा क्रम पक्ष ठरवतो. मतदाराने त्या काळी मतपत्रिकेवरच्या प्रत्येक नावापुढे पसंतीचा आकडा घालायचा होता, एकही चौकोन मोकळा सोडायचा नाही. एवढी नावं कोण वाचत बसणार? म्हणून मतदान केंद्राच्या दाराशी प्रत्येक पक्षाचे कार्यकर्ते 'असे आकडे घाला' अशी छापील पत्रकं वाटतात आणि बहुतेक लोक ते पत्रक पुढ्यात ठेवून आकडे उतरवून काढतात. दहा जागा असल्या की निवडून यायला सुमारे ९.०९ टक्के मतं लागतात. पहिल्याचा कोटा भरला की उरलेली मतं दुसऱ्याकडे, त्याचा भरला की तिसऱ्याकडे. राज्यसभेचं गणित ज्यांनी टीव्हीवर पाहिलंय त्यांना हे नवीन नाही. मतं पाण्यासारखी वरून खाली झिरपतात, आणि तिसऱ्यापर्यंत ओल पोहोचेल की नाही याचा अंदाज यादी करणाऱ्यांना आधीच असतो.

त्या वेळी क्वीन्सलँडमधून लिबरल पक्षाचे तीन सिनेटर होते. कॅथी मार्टिन १९७४ पासून, डेव्हिड मॅकगिबन १९७८ पासून आणि बॉनर १९७१ पासून. तिघेही विद्यमान, तिघांनाही उमेदवारी. सर्वांत ज्येष्ठ माणूस सर्वांत खाली.

बॉनर यांनी पक्ष सोडला आणि अपक्ष म्हणून उभे राहिले.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण हा माणूस कुठून आला होता ते न कळता त्याने पक्ष का सोडला ते कळणार नाही.

नेव्हिल बॉनर यांचा जन्म २८ मार्च १९२२ चा. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड यांच्या सीमेवर ट्वीड नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखातल्या युकरेबाह बेटावरच्या आदिवासी वस्तीत ते जन्मले. आई ज्युलिया बेल ही जगेरा जमातीची. वडील इंग्रज, मूल जन्माला येण्याआधीच निघून गेलेले. पुढे हे कुटुंब लिस्मोरजवळ नदीकाठी राहिलं. राहिलं म्हणजे, लँटानाच्या जाळीखाली जागा कोरून त्यात संसार मांडला. लँटाना म्हणजे आपली घाणेरी. आपल्या घाटात जी माजलेली दिसते, जिच्या पानांचा उग्र वास हाताला चिकटून राहतो आणि जिच्या काट्यांनी पोटऱ्या ओरबाडतात, तीच. तिच्या बुंध्यांमध्ये पोकळी करून आत झोपायचं. गावात राहायची मुभा नव्हती.

आई गेली तेव्हा नेव्हिल दहा वर्षांचा होता. आजीने, आयडाने, त्याला वाढवलं. नातवाने शाळेत गेलंच पाहिजे हा हट्ट तिचा. लिहा-वाचायला शिक, नीट बोलायला शिक, लोकांशी सभ्यतेने वाग, मग तू लांबवर जाशील, असं ती त्याला सांगे. क्वीन्सलँडमधल्या बोडेझर्टच्या शाळेत तो वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास गेला आणि जेमतेम वर्षभर शिकला. औपचारिक शिक्षण तेवढंच. मग कामं. रान तोडणं, झाडाच्या खोडावरची साल गोल सोलून झाड उभ्यानेच वाळवणं, गुरांमागे घोड्यावरून फिरणं, ऊसतोड. ऊसतोड हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. क्वीन्सलँडच्या किनारपट्टीचा ऊस तेव्हा हातानेच तोडला जाई.

१९४३ मध्ये मोना बॅनफिल्डशी लग्न झालं आणि १९४६ मध्ये दोघं पाम बेटावर राहायला गेले. हे बेट म्हणजे क्वीन्सलँड सरकारची आदिवासी वसाहत. सरकारी 'संरक्षण' कायद्याखाली मुख्य भूमीवरच्या कुठल्याही आदिवासीला, कुठल्याही न्यायालयापुढे उभं न करता, तिथे नेऊन ठेवता येई. बेटावरून बाहेर पडायला परवाना लागे. १९५७ मध्ये मजुरी आणि जाच यांविरुद्ध तिथे संप झाला तेव्हा पुढाऱ्यांना बेड्या घालून बेटावरून हद्दपार केलं गेलं. अशा ठिकाणी बॉनर यांनी आयुष्याची सुमारे चौदा वर्षं काढली आणि ते कामगारांवरचे सहाय्यक देखरेखदार झाले. राजकारणात उपयोगी पडलेली पुष्कळशी शिदोरी तिथेच मिळाली, असं ते सांगत.

१९६० मध्ये ते इप्सविचजवळ मुख्य भूमीवर परतले. 'ओपल' या आदिवासींच्या मदतीसाठी चालणाऱ्या संस्थेत काम करू लागले, पुढे तिचे अध्यक्ष झाले. हाताने बूमरँग बनवून विकायचा धंदा काढला. त्याचं नाव ठेवलं 'बॉनरँग'. तो फार काळ टिकला नाही. मग मोरटन शायर कौन्सिलकडे पुलांच्या कामावर सुतार म्हणून लागले. ब्रिस्बेन नदीवर २०२४ मध्ये जो पादचारी पूल खुला झाला त्याला त्यांचं नाव दिलंय, ते वाचताना मला हे पुलावरचे सुतार आठवतात. नाव द्यायला पुष्कळ वास्तू असतात, पण पूल हा त्यांच्या हाताखालून गेलेला माल होता.

आता १९६७. त्या वर्षी २७ मे रोजी ऑस्ट्रेलियात सार्वमत झालं आणि ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी संविधान बदलायला होकार दिला. त्यामुळे आदिवासींसाठी कायदे करण्याचा अधिकार संघराज्याला मिळाला आणि देशाच्या लोकसंख्येत त्यांची मोजणी होऊ लागली. त्याच वर्षी एका मतदानाच्या दिवशी बॉनर एका लिबरल मित्रासाठी दाराशी पत्रकं वाटत उभे होते. तिथे त्या भागाचे मजूर पक्षाचे खासदार आले. तेच बिल हेडन, ज्यांचा उल्लेख सुरुवातीला आला. तू यांची पत्रकं कशाला वाटतोस, तुम्हा लोकांसाठी यांच्यापेक्षा आम्ही जास्त केलंय, अशा अर्थाचं ते शिवी हासडून बोलले, असं बॉनर यांनी पुढे अनेकदा सांगितलं. मी काळा आहे म्हणून मी अमुक एका पक्षाचाच असणार, हे गृहीत धरायची याची हिंमत कशी झाली, असं त्यांच्या मनात आलं. ते लिबरल पक्षाचे सभासद झाले.

माझ्या मते सगळं प्रकरण या एका प्रसंगात आहे. पक्ष निवडताना त्यांनी कुणाचा जाहीरनामा चाळला नाही. आपल्याला कुणी गृहीत धरू नये, हीच त्यांची भूमिका होती. ही भूमिका ज्या पक्षाच्या पारड्यात पडते त्याला सुरुवातीला गोड लागते. पण तीच गोष्ट त्या पक्षालाही लागू असते, हे पक्षाच्या उशिरा लक्षात येतं.

१९७० च्या सिनेट निवडणुकीत बॉनर हरले. १९७१ मध्ये सिनेटर ॲनाबेल रँकिन यांना न्यूझीलंडमध्ये उच्चायुक्त म्हणून पाठवलं गेलं आणि जागा रिकामी झाली. मधेच रिकामी झालेली सिनेटची जागा भरायचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाचा. लिबरल पक्षाने बॉनर यांचं नाव दिलं आणि क्वीन्सलँडच्या संसदेने ११ जून १९७१ रोजी त्यांची नेमणूक केली. नंतर १९७२, १९७४, १९७५ आणि १९८० अशा चार निवडणुका ते जिंकले. १९७२ मध्ये तर देशात मजूर पक्षाची लाट होती आणि गॉफ व्हिटलम पंतप्रधान झाले, तरी बॉनर यांची जागा टिकली.

सप्टेंबर १९७१ मधल्या पहिल्या भाषणात त्यांनी सांगितलं की मी इथे आधी ऑस्ट्रेलियाचा नागरिक म्हणून आलोय. पण लगेच पुढे म्हणाले की माझ्यातलं जे जे आदिवासी आहे ते या देशाच्या मूळ लोकांचा आवाज म्हणून ऐकलं जावं यासाठी तळमळतंय. या दोन वाक्यांमधल्या ओढाताणीत त्यांची पुढची बारा वर्षं गेली. काळ्या चळवळीतले तरुण त्यांना गोऱ्यांचा माणूस म्हणत. पक्षातल्या लोकांना ते फारच आदिवासींचे वाटत. सभागृहात मला बरोबरीने वागवलं जाई, असं त्यांनी पुढे सांगितलं, पण रात्री मी एकटाच माझ्या खोलीवर जाई, आज आपण मिळून बाहेर जेवायला जाऊ असं एका रात्रीही कुणी म्हटलं नाही. आयुष्यभर घाव सोसलेल्या माणसाने आठवणीत ठेवलं ते हे, जेवायला न बोलावणं. हे वाचल्यापासून ते माझ्या मनातून जात नाही.

सिनेटमधलं त्यांचं सर्वांत मोठं काम २० फेब्रुवारी १९७५ चं. १७८८ मध्ये इंग्रजांचं पहिलं आरमार येण्याआधी हा सगळा देश आदिवासी आणि टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरच्या लोकांच्या ताब्यात होता हे सिनेट मान्य करतं, सरकारने ही पूर्वीची मालकी कबूल करावी आणि जमीन हिरावल्याची भरपाई देणारा कायदा करावा, असा ठराव त्यांनी मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने (तिथे त्याला 'हाय कोर्ट' म्हणतात) जमीनहक्काच्या माबो खटल्यात 'ही भूमी कुणाचीच नव्हती' ही समजूत मोडीत काढली ती १९९२ मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी. ठरावाला कायद्याचं बळ नसतं हे खरं. तरी संसदेच्या एका सभागृहाच्या कागदावर ते वाक्य, एकही विरोधी मत न पडता, घाणेरीच्या जाळीत वाढलेल्या माणसाने लिहवून घेतलं.

मग मतदानाचा प्रश्न. ऑस्ट्रेलियाच्या सिनेटमध्ये मतविभागणी मागितली की घंटा वाजू लागतात, सदस्य धावत येतात, दारं बंद होतात आणि 'हो'वाले अध्यक्षांच्या उजवीकडे तर 'नाही'वाले डावीकडे जाऊन बसतात. स्वतःच्या सरकारविरुद्ध मत द्यायचं तर आपल्या लोकांमधून उठून, सगळ्यांच्या देखत, मधली मोकळी जागा ओलांडून पलीकडे चालत जावं लागतं. बॉनर असे अनेकदा गेले. १९७५ च्या ऑक्टोबरमध्ये व्हिटलम सरकारचा अर्थपुरवठा अडवण्याच्या मोठ्या लढाईत मात्र ते पक्षाबरोबर राहिले, म्हणजे ऊठसूट बंड करणाऱ्यांपैकी ते नव्हते.

आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडणाऱ्याची सदस्यताच जाऊ शकते. ऑस्ट्रेलियात असा कायदा नाही. मजूर पक्ष आदेश मोडणाऱ्या सभासदाला हाकलतो, लिबरल पक्ष मात्र आमच्या खासदाराला सदसद्विवेकाने मत देण्याची मोकळीक आहे असं अभिमानाने सांगतो. बॉनर यांनी ती मोकळीक खरी मानली. ती खरी होतीही, सभागृहाच्या चार भिंतींच्या आत. बाहेर यादी होती. मोकळेपणाने मत दिल्याबद्दल त्यांना नोटीस आली नाही, चौकशी झाली नाही, कुणी राजीनामा मागितला नाही. पुढच्या निवडणुकीत पहिल्या ओळीवरचं नाव तिसऱ्या ओळीवर गेलं, बस.

क्वीन्सलँडचं वातावरणही लक्षात घ्यायला हवं. तिथले प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, जो ब्येल्के-पीटरसन हे केंद्रात लिबरलांचा मित्र असलेल्या नॅशनल पक्षाचे, आणि आदिवासींच्या जमीनहक्काला त्यांचा कडवा विरोध. १९७८ मध्ये ऑरुकुन आणि मॉर्निंग्टन बेट इथल्या वसाहती चर्चच्या हातून काढून राज्याच्या ताब्यात घ्यायचा निर्णय त्यांनी केला, तेव्हा तिथले लोक नको म्हणत होते. फ्रेझर सरकारने संघराज्याचा कायदा केला खरा, पण शेवटी राज्याशी तडजोड केली. बॉनर यांनी स्वतःच्या पंतप्रधानांवर उघड टीका केली. १९८२ मध्ये ब्रिस्बेनला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या आणि जमीनहक्कासाठी रस्त्यावर उतरलेल्या आदिवासींची धरपकड झाली. म्हणजे यादी तयार झाली ती या ठिणग्या विझायच्या आत.

पक्षाची बाजूही मांडायला हवी. नॅशनल पक्ष त्या राज्यात लिबरलांपेक्षा जोरात होता, त्याची यादी वेगळी होती, आणि प्रीमियरच्या पत्नी फ्लो स्वतः सिनेटच्या उमेदवार होत्या. लिबरलांना दोनच जागा मिळतील हे दिसत होतं आणि तसंच झालं. निकाल असा : मजूर पक्ष चार, नॅशनल तीन, लिबरल दोन, डेमोक्रॅट एक. तिघांपैकी कुणीतरी पडणारच होतं. बॉनर साठी ओलांडलेले होते. हे सगळं मान्य केलं तरी प्रश्न उरतो की पडणारा कोण हे कशावरून ठरलं? कामावरून ठरलं असतं तर १९७९ मध्ये 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' हा मान मिळवणारा ज्येष्ठ सिनेटर तळाला गेला नसता. मला वाटतं, पक्षाने मनाशी एवढाच हिशोब केला की हा माणूस जाऊन जाऊन जाणार कुठे. तिसरा क्रमांक देऊ, कुरकुरेल, पण राहील. म्हणजे हेडन यांनी १९६७ मध्ये केलेली चूकच सोळा वर्षांनी या पक्षाने केली. त्याला गृहीत धरलं.

अपक्ष म्हणून उभं राहणं म्हणजे काय, तर दारोदारी पत्रकं वाटायला माणसं नाहीत, राज्यभर केंद्रं, आणि क्वीन्सलँड महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठं. वरून झिरपत येणारी मतं नाहीत, आपला कोटा आपणच भरायचा. बॉनर यांना मतं चांगली पडली, पण कोटा भरला नाही. बारा वर्षांची कारकीर्द तिथे संपली.

पुढचं थोडक्यात. त्यांना हरवणाऱ्या निवडणुकीत सत्तेवर आलेल्या हॉक सरकारनेच त्यांना राष्ट्रीय प्रसारण संस्था एबीसीच्या संचालक मंडळावर घेतलं, तिथे ते १९९१ पर्यंत होते. १९८४ मध्ये राष्ट्रीय सन्मान मिळाला. पण त्यांचं शेवटचं मोठं भाषण सांगितल्याशिवाय थांबता येत नाही.

फेब्रुवारी १९९८. कॅनबेऱ्यातल्या जुन्या संसद भवनात, जिथे ते बारा वर्षं सिनेटर होते, घटना परिषद भरली होती. विषय होता ब्रिटिश राणीला राष्ट्रप्रमुख ठेवायचं की प्रजासत्ताक व्हायचं. पंचाहत्तर वर्षांचे बॉनर राजेशाहीच्या बाजूचे प्रतिनिधी म्हणून उभे राहिले. पुष्कळांना हे विचित्र वाटलं होतं, आदिवासी माणूस इंग्रजांच्या राणीच्या बाजूने कसा? त्यांनी सांगितलं : तुम्ही आमच्या देशात आलात, आमची जमीन घेतलीत, तुमचा कायदा आमच्यावर लादलात आणि हीच पद्धत सर्वांत चांगली असं आम्हाला शिकवलंत. आम्ही सोसलं, शिकलो, तुमच्या पद्धतीत बसायला शिकलो. आता तुम्हीच म्हणता की ती चूक होती. हिंमत कशी होते तुमची? आमच्या लोकांचं दुःख यातून कणभर तरी कमी होणार आहे का? बोलणं संपवून त्यांनी, इंग्रजी सोडून, आपल्या जगेरा लोकांचं शोकगीत म्हटलं. सभागृह स्तब्ध होतं. प्रजासत्ताकवादीही उठून उभे राहिले.

त्यांचं मत मला पटत नाही. पण १९६७ च्या मतदान केंद्राच्या दारात मनात आलेला प्रश्न एकतीस वर्षांनी त्यांनी भर सभागृहात मोठ्याने विचारला, हे मी ओळखतो.

ऑक्टोबर १९९८ मध्ये न्यू साउथ वेल्समधून डेमोक्रॅट पक्षाचे एडन रिजवे सिनेटवर निवडून आले, गुंबाइंगिर जमातीचे. तो निकाल बॉनर यांना बघायला मिळाला. ५ फेब्रुवारी १९९९ रोजी इप्सविचला त्यांचं निधन झालं. रिजवे १ जुलैला सिनेटमध्ये बसले.